गोमाजी म्हणाला, पट्टा काढून बघू

गोमाजीबद्दल लिहा असं मला कुणी सांगितलेलं नाही. सांगणार तरी कोण? त्याला ओळखणारी माणसं दोन ठिकाणची. एक कापडे गावाच्या वरच्या वाडीतली, त्यांना लिहिण्यावाचण्याशी काही देणंघेणं नाही. दुसरी पोलादपूरच्या बाजारातली, ती त्याला ‘बिनपाण्याचा ड्रायव्हर’ म्हणतात आणि हसतात. गोमाजी आता मुंबईला कुठल्याशा गोदामावर रखवालदारी करतो, पण नाव इथंच राहिलंय. ते त्याला माझ्यामुळं पडलं. म्हणून हे मीच लिहायला पाहिजे, आणि लिहिताना माझी मान खाली जाणार हेही मला पहिल्या ओळीपासून माहीत आहे.

मी सयाजी मिस्त्री. महाडला गाडीतळाजवळ माझी पत्र्याची शेड आहे, तिथं मोटारी दुरुस्त करतो. त्याआधी नऊ वर्षं भाताच्या गिरणीवर इंजिन चालवायला होतो. डोकं तापट आहे. गिऱ्हाईक मला शिकवायला लागलं की माझ्या कपाळाची शीर उडते. ड्रायव्हर शिकवायला लागला तर विचारूच नका. हे मी कौतुकानं सांगत नाही, पुढचं समजायला लागेल म्हणून सांगतो.

गोमाजी वरच्या वाडीत जन्मला. दहा-बारा घरं, उतारावर नाचणी आणि वरी, खाली ओढा. पंधराव्या वर्षी मामाबरोबर मुंबईला गेला आणि कोळशाच्या लॉरीवर क्लीनर म्हणून लागला. त्या लॉरीचा ड्रायव्हर दुपारी डुलक्या काढायचा, तेव्हा हा गोदीच्या मागच्या मोकळ्या रस्त्यावर गाडी मागंपुढं करून शिकला. पुढं लायसन काढलं, आठ-नऊ वर्षं लॉरी चालवली. मग आई आंधळी झाली, बायको ठमाबाई एकटी पडली, म्हणून गाशा गुंडाळून परत आला. मुंबईहून आलेली माणसं दर दोन शब्दांमागं एक हिंदी शब्द बोलतात आणि खिशाला कंगवा लावतात. गोमाजीनं तसलं काही आणलं नव्हतं. खांद्यावर घोंगडी टाकली की तो वाडी सोडून कधी गेलाच नव्हता असं वाटायचं.

तेव्हा पोलादपूरच्या महिपतरावांनी व्हॅन घेतली होती. महिपतराव म्हणजे सावित्रीकाठी भातशेती, आंब्याची बाग आणि तालुक्यात शब्दाला वजन. व्हॅन जुनीच होती, मुंबईच्या कुठल्याशा लाँड्रीची. रंग दिला तरी उन्हात लाँड्रीचं नाव खालून पुसट दिसायचं. दासगावच्या धक्क्यावर लाँचनं आलेला माल उचलायचा, महाड-पोलादपूरला टाकायचा, आणि सीझनमध्ये आंबेनळी घाट चढून महाबळेश्वरला आंबे आणि सुकं म्हावरं पोचवायचं, असं तिचं काम. गोमाजी तिचा ड्रायव्हर झाला.

ड्रायव्हर म्हणून तो कसा होता? सांगतो. घाटाला लागण्याआधी कापड्याच्या ओढ्यावर गाडी थांबवून रेडिएटरमध्ये पाणी बघायचा. रोज. कमी नसलं तरी बघायचा. गावातून जाताना हॉर्न वाजवत नसे, म्हाताऱ्या माणसाला उतरून सांगे, “बाजूला व्हता का जरा.” गाडीला कधी ‘माझी गाडी’ म्हणाला नाही, ‘मालकांची गाडी’ म्हणायचा. आणि त्याचा कान. वाडीतली माणसं झाडाच्या ढोलीतलं सातेरीचं मोहोळ शोधतात ती खोडाला कान लावून. आत माश्या किती, मध धरलाय का नाही, हे त्यांना गुणगुणण्यावरून कळतं. गोमाजी त्यातला. इंजिनाचाही आवाज तो तसाच ऐकायचा. वेताच्या काठीचं एक टोक लोखंडाला टेकवायचं, दुसरं कानाशी धरायचं आणि डोळे मिटायचे.

त्याला एकच गोष्ट हवी होती. एस.टी.त ड्रायव्हर व्हायचं. खाकी कपडे, ठरलेली पाळी, म्हातारपणी डोक्याला ताप नाही. त्यासाठी आधीच्या मालकाची चिठ्ठी लागते, माणूस कसा आहे, गाडी कशी सांभाळतो ते लिहिलेली, असं सगळे म्हणत. महिपतराव म्हणाले होते, “देतो ना. शिमगा होऊ दे.” शिमगा झाला, तेव्हा म्हणाले, “सीझन होऊ दे.” चांगला ड्रायव्हर कोण आपण होऊन सोडतो? गोमाजी थांबला. चिठ्ठी मिळणार हे नक्की होतं, आणि ती न मिळण्यासारखं त्यानं काही केलंही नव्हतं.

एकसष्ट साल, चैत्र संपत आला होता. सकाळी महिपतराव स्वतः व्हॅनमध्ये बसून माझ्या शेडवर आले. मी त्यांच्यासाठी खुर्ची पुसली, समोरून चहा मागवला.

“सयाजी, ऐक जरा. आठ दिवस झाले, ही कुरकुरतेय,” ते म्हणाले.

गोमाजीनं बॉनेट उघडलं, इंजिन चालूच होतं. पुढच्या बाजूनं आवाज येत होता. मी कमरेवर हात ठेवून दोन पावलांवरून ऐकलं आणि म्हणालो, “पट्टा.”

पंख्याचा पट्टा. इंजिनाच्या पुढं तीन पुल्या, एक खालची, एक डायनामोची आणि एक पाण्याच्या पंपाची, तिलाच पंखा. तिन्हीवरून एक पट्टा फिरतो. तो सैल झाला की घसरतो आणि ओरडतो. गिरणीवर नऊ वर्षं मी हेच केलं होतं. चामड्याचा लांबलचक पट्टा ओरडायला लागला की त्यावर राळेची पूड टाकायची, पट्टा पुलीला धरून बसतो, आवाज बंद. नाही झाला तर ताण वाढवायचा. गिरणीवरचा माणूस आवाज ऐकला की आधी राळेच्या डब्याकडं बघतो. माझ्या शेडमध्येही डबा होताच.

“मिस्त्री,” गोमाजी म्हणाला, “मला पट्टा नाय वाटत. पट्टा सकाळी गार असला की किंचाळतो नि मग गप व्हतो. ह्यो गप व्हत नाय. चढाला तर जास्तच कण्हतो. मी काठी लावून ऐकलं, पंपाकडनं येतो. बेअरिंग असंल.”

“काठी लावून?” मी महिपतरावांकडं बघून म्हणालो. “मोहोळ हाय का काय आत? मध निघाला तर आम्हालाही दे हो थोडा.”

महिपतराव मोठ्यानं हसले. चहा घेऊन आलेला कोंडाजी हसला. गोमाजीही थोडासा हसला, कारण हसणारे मालक होते.

मग तो म्हणाला, अगदी हळू, माझा मान ठेवून, “एकदा पट्टा काढून बघू या का? मिनिटभर बिनपट्ट्याचं चालवायचं. आवाज गेला की एकेक पुली हातानं फिरवून बघायची. कुटली खरखरते ते कळंल.”

तो बरोबर होता. शब्दन् शब्द बरोबर होता. दहा मिनिटांचं काम होतं, डायनामोचा एक बोल्ट ढिला केला की पट्टा हातात येतो. पण मी मालकांसमोर ‘पट्टा’ म्हणून बसलो होतो. एका क्लीनरचा ड्रायव्हर झालेल्या माणसानं सांगायचं आणि मी काढायचा?

“गाडी तू चालव,” मी म्हणालो, “आवाज मला ऐकू दे.”

राळ काढली, चालत्या पट्ट्यावर चिमटीचिमटीनं सोडली. मग इंजिन बंद करून डायनामोमागं पहार घातली, जोरात मागं ओढला आणि बोल्ट आवळला. पट्टा तारेसारखा ताणला. गाडी सुरू केली. आवाज गेला होता. महिपतराव म्हणाले, “शाब्बास.”

आता इथं एक गोष्ट लिहायची आहे, ती मी आजवर कुणाला सांगितलेली नाही. बोल्ट आवळून झाल्यावर पट्टा चाचपताना माझा हात पंख्याच्या पात्याला लागला. पातं हललं. फार नाही, नखाएवढं. पंखा असा हलत नसतो. बेअरिंग झिजलेलं असल्याशिवाय हलत नसतो. मला ते कळलं. माझ्या हाताला कळलं आणि डोक्यालाही कळलं. मी फडक्यानं हात पुसले आणि बॉनेट खाली टाकलं. गोमाजी चुकला असता आणि मीही चुकलो असतो तर आज एवढी लाज वाटली नसती. मी चुकलो नव्हतो, मी बघूनही बघितलं नाही.

ज्यांना यातलं कळत नाही त्यांच्यासाठी एवढंच सांगतो, की झिजलेल्या बेअरिंगवर जास्त ताणाचा पट्टा म्हणजे लंगड्या माणसाच्या डोक्यावर आणखी एक पोतं. सैल पट्टा निदान घसरतो तरी. राळ लावलेला घसरत नाही, ओढतच राहतो. ताणानं बेअरिंग एका अंगाला दाबलं गेलं, म्हणून आवाज तेवढ्यापुरता दबला होता.

चौथ्या दिवशी गाडी आंब्याच्या करंड्या भरून महाबळेश्वरला निघाली. कापड्याच्या ओढ्यावर गोमाजीनं नेहमीसारखं पाणी बघितलं. आंबेनळीच्या अर्ध्या चढावर पंपाचं बेअरिंग फुटलं, दांडा वाकडा झाला आणि पंख्यानं रेडिएटर फाडला. सगळं पाणी रस्त्यावर. वळणावर, भरल्या गाडीनिशी, मागं दरी असताना तिथल्या तिथं थांबता येत नाही. पुढं सपाटीची जागा येईतो त्यानं गाडी ओढली आणि तेवढ्यात इंजिन तापून धरलं, जागच्या जागी अडकलं. दुसऱ्या दिवशी एका लॉरीनं ती खाली आणली. तोवर आंबे उन्हात सडले होते.

गाडी माझ्याच शेडवर आली. दुसरीकडं कुठं जाणार? मी पुढची बाजू खोलली. पंपाची पुली दांड्यासकट जाम झाली होती, आतल्या गोळ्यांचा चुरा झाला होता. पट्ट्यावर राळ वितळून काळी पडली होती. ती पुली हातात घेऊन मी उभा राहिलो आणि महिपतराव आत आले. मागं गोमाजी होता, दोन दिवस न झोपलेला. त्याच्या शर्टावर आंब्याचे डाग पडले होते.

“काय झालं?” महिपतरावांनी विचारलं. मला विचारलं.

त्या वेळी खरं सांगितलं असतं तर काय झालं असतं? महिपतराव चिडले असते. चार लोकांत बोलले असते. पोलादपूरकडच्या काही गाड्या माझ्याकडं यायच्या बंद झाल्या असत्या. बस, एवढंच. मी पुलीवर फडकं टाकलं आणि म्हणालो, “पाणी नव्हतं.”

“म्हणजे?”

“पाणी कमी असलं की पंप कोरडा फिरतो. बेअरिंग जळतं, मग पंखा सुटतो. पुढचं तुम्ही बघताच आहात.” मिस्त्रीच्या तोंडून असलं बोलणं फार खरं वाटतं. मलाही बोलताना थोडं खरं वाटलं.

“पानी बघितलं व्हतं, मिस्त्री,” गोमाजी म्हणाला. “कापड्याला.”

“मग गेलं कुठं?” मी म्हणालो.

त्यानं माझ्याकडं बघितलं नाही. माझ्या हातातल्या फडक्याकडं बघितलं, बराच वेळ. मी वाट बघत होतो की आता हा राळेचं काढणार, काठीचं काढणार, पट्टा काढून बघू म्हणालो होतो ते काढणार. माझ्या तोंडात उत्तरं तयार होती. तो काहीच बोलला नाही. महिपतराव त्याला म्हणाले, “किल्ली ठेव.” त्यानं ती बाकावर ठेवली आणि उन्हातून पोलादपूरच्या वाटेला लागला. चिठ्ठीचा विषयही निघाला नाही. पाणी विसरणाऱ्या ड्रायव्हरला कोण चिठ्ठी देतो?

बाजाराला काय, नाव ठेवायला निमित्त पुरतं. पावसाळ्याच्या आत पोलादपुरात पोरंसोरंसुद्धा त्याला बिनपाण्याचा ड्रायव्हर म्हणायला लागली. कुणी त्याच्या हातात गाडी दिली नाही. तो वाडीवर शेती करायला लागला.

आणि माझं काय झालं म्हणाल तर माझं नाव वाढलं. त्या दिवसापासून मी एकाही गाडीचा आवाज पट्टा काढल्याशिवाय ऐकला नाही. पट्टा काढायचा, मिनिटभर इंजिन चालवायचं, एकेक पुली हातानं फिरवायची, पातं धरून हलवून बघायचं, मग बोलायचं. राळेचा डबा मी सावित्रीत टाकला. लोक म्हणायला लागले, सयाजी मिस्त्री घाई करत नाही, खात्रीचा माणूस. लांबून गाड्या यायला लागल्या. ज्याच्याकडून शिकलो तो वर डोंगरात नाचणी करत होता आणि त्याची रीत माझी म्हणून मिरवत होती. कुणी शाब्बास म्हटलं की मला तोंड लपवावंसं वाटायचं, पण लपवायचो नाही, मान डोलवायचो.

पुढच्या माघात एस.टी.ची पुन्हा भरती निघाली. महाडच्या स्टँडवर कागद लागला. मी तो उभा राहून वाचला. वयाची अट होती, आणि गोमाजी पुढच्या वर्षी तीत बसणार नव्हता. म्हणजे हीच शेवटची. त्या रात्री मला झोप लागली नाही असं काही झालं नाही, झोप लागली. पण सकाळी उठल्यावर पहिला विचार तोच आला. शेड बंद केली, कापड्यापर्यंत गाडीनं गेलो आणि वाडीची वाट चढलो.

गोमाजी राबासाठी, शेत भाजायला, ऐनाच्या फांद्या तोडत होता. कोयता ठेवून आला. ठमाबाईंनी गूळपाणी आणलं. त्यांची मुलगी आवडी दाराआडून बघत होती, असेल आठ-नऊ वर्षांची. मी फार फिरवलं नाही. म्हणालो, “गोमाजी, पाणी होतं. बेअरिंग गेलं होतं, तू म्हणालास तेच. माझी चूक झाली आणि मी खोटं बोललो.”

रडू आलं असं लिहिलं तर बरं दिसेल. रडू आलं नाही. कान तापले फक्त.

“ठावं हाय,” तो म्हणाला.

“कधीपासून?”

“घाटातच. गाडी थांबल्यावर पुली हातानं फिरवाया गेलो, फिरंना. पट्ट्यावर तुमची राळ डांबरावानी झाली व्हती.”

“मग मालकांपुढं बोलला का नाहीस?”

त्याला या प्रश्नाचं नवल वाटलं. “मालक मला इचारत नव्हतं, तुमाला इचारत व्हतं. पुली तुमच्या हातात व्हती. मला वाटलं, तुमीच सांगाल. आज नाय तर उद्या सांगाल. मी आपली वाट बघितली.”

दहा महिने वाट बघितली त्यानं. शिव्या दिल्या असत्या तर मी खाल्ल्या असत्या, शिव्यांची तयारी करूनच मी डोंगर चढलो होतो. याची तयारी नव्हती.

“माझी चूक झाली,” मी पुन्हा म्हणालो.

“चूक ऱ्हाऊ द्या,” तो म्हणाला. “मालकांची चिठ्ठी आनून द्या. चार ओळी. एस.टी.चा अर्ज म्हैनाअखेर द्यायचा हाय. तुमी मालकांना खरं सांगितलंत की ते देतील, मानूस वाईट नाय.”

“सांगतो.”

“आज सांगाल?” ठमाबाईंनी विचारलं.

“आजच. इथून सरळ तिकडंच जातो.”

आणि गेलो. खरंच सरळ गेलो. वाटेत वाक्यं जुळवत गेलो. महिपतराव, त्या गाडीचं पाणी संपलं नव्हतं. पट्टा काढून बघायला पाहिजे होता, मी बघितला नाही. एवढी दोनच वाक्यं. पोलादपूर येईतो ती पाठ झाली होती.

महिपतराव ओटीवर बसले होते, बरोबर गावातले तिघंचौघं. अंगणात त्यांची दुसरी गाडी उभी, महिन्यापूर्वीच घेतलेली. मला बघून ते खूश झाले.

“वेळेवर आलास. हिचा जरा आवाज ऐक रे.”

मी पट्टा काढला, पुल्या फिरवल्या, पातं हलवून बघितलं. काही नव्हतं, डायनामोचा एक बोल्ट सैल होता. महिपतराव पाहुण्यांना सांगत होते, “बघा, हा असा आहे. स्वतः बघितल्याशिवाय बोलायचा नाही.” मी हात धुऊन ओटीच्या पायरीवर बसलो. आता सांगायचं, म्हटलं. हा घोट झाला की सांगायचं.

“पण तू आज इकडं कुठून उगवलास?” त्यांनी विचारलं.

“वरच्या वाडीत गेलो होतो. गोमाजीकडं.”

“बिनपाण्याच्या ड्रायव्हरकडं?” महिपतराव म्हणाले. “मग, तुला तरी पाणी दिलंन का?”

ओटीवर हशा पिकला. एकजण तर पोट धरून हसला. मीही हसलो. ठरवून नाही, पण हसलो. आणि एकदा त्या हसण्यात हसल्यावर दोन पाठ केलेली वाक्यं बोलायची कशी? हसणारा माणूस लगेच उठून म्हणणार का, की ते नाव माझ्या खोट्यावर पडलंय? मी चहा संपवला. उद्या येऊन एकट्याला गाठून सांगू, असं मनाशी म्हणालो. उद्या एक लॉरी आली गिअर धरलेली. परवा महिपतराव अलिबागला कोर्टाच्या कामाला गेले. तेरवा काय झालं ते आठवत नाही, काहीच झालं नसेल. महिना संपला.

त्यानंतरच्या बाजाराच्या दिवशी मी पोलादपूरला गेलो होतो. मिरच्यांच्या ढिगाजवळ मागून हाक आली, “मिस्त्री.” ठमाबाई होत्या, बरोबर आवडी. मला पळता आलं असतं तर पळालो असतो. बाजारात गर्दी होती.

“सांगितलंत का मालकांना?” त्यांनी विचारलं. रागानं नव्हे. नुसतं विचारलं. चिठ्ठी आली नव्हती, पण का आली नाही ते त्यांना ठाऊक नव्हतं.

मी नाही म्हणू शकलो असतो. ‘नाही सांगितलं, ठमाबाई, माझी छाती झाली नाही,’ असं म्हणता आलं असतं. दहा महिन्यांपूर्वी एक खोटं बोललो होतो ते महिपतरावांच्या भीतीनं. हे दुसरं कुणाच्या भीतीनं? समोर लुगड्याचा पदर खोचलेली एक दमलेली बाई उभी होती, तिची काय भीती?

“सांगितलं, वहिनी,” मी म्हणालो. “सगळं सांगितलं. माझीच चूक म्हणून सांगितलं. पण मालक ऐकून घेत नाहीत. मोठी माणसं, काय करणार.”

त्यांनी माझ्या तोंडाकडं निरखून बघितलं. मला वाटलं ओळखलं यांनी. मग त्यांचे डोळे भरून आले.

“चिठ्ठी नाय तर नाय,” त्या म्हणाल्या. “आमच्या नशिबात नसंल. पन तुमी आपल्या तोंडानं आपली चूक सांगितलीत, तेपन मालकाम्होरं. गरिबासाठी एवढं कोन करतो? ह्यांना सांगते घरी जाऊन. त्यांना लय बरं वाटंल.” आणि त्यांनी मुलीला पुढं केलं. “आवडे, पाया पड गो काकांच्या.”

भर बाजारात ती पोर वाकली आणि तिनं माझ्या पायांवर डोकं टेकलं. मी पाय मागं घेतले नाहीत. म्हणालो, “राहू दे गो, त्यात काय एवढं.”